रस्ता आधीं कीं आराखडा आधीं?

पुणें-सोलापूर रस्त्यावर भैरोबा नाल्यापासून हडपसरावरून थेट यवतपर्यंत सहापदरी उन्नत मार्ग बांधण्यास राज्य सरकारनें २०२५ सालीं मंजुरी दिली व त्यासाठीं सुमारें ५,२६२ कोटी रुपयांचा खर्च धरला, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. त्याच सालीं सरकारनें दुसराही एक निर्णय घेतला, त्याची चर्चा मात्र यवतच्या पेठेंत फारशी होत नाहीं. पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा सरकारनें रद्द ठरविला. म्हणजे एका हातानें रस्ता दिला आणि दुसऱ्या हातानें त्या रस्त्याभोंवतीं वस्ती कशी व्हावी हें सांगणारा कागद काढून घेतला.

तो आराखडा गेला याचें आम्हांस दुःख नाहीं. त्यावर ६० हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या, यावरूनच लोकांस किती विचारलें गेलें होतें तें दिसतें. परंतु पुसलेली पाटी फार वेळ कोरी राहत नाहीं. तिच्यावर लोकांनीं लिहिलें नाहीं, तर जमिनीचे दलाल लिहितील.

यावर कोणी म्हणेल, आराखडा नसला म्हणून काय बिघडलें? जमिनीचा भाव तर वाढेलच. वाढेल खरा, पण त्या भावानें गांव कसें वसेल? शेतजमिनीचे बारीक तुकडे पडूं नयेत म्हणून १९४७ सालीं कायदा झाला. २००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, आणि २०२५ सालीं तुकडेबंदी मोडून झालेल्या जुन्या व्यवहारांसही मान्यता देण्याचें ठरलें. आधीं तुकडा पाडावा, मग घर बांधावें आणि शेवटीं सरकारनें माफी द्यावी, असा हा क्रम होऊन बसला आहे. ज्या गरिबानें आयुष्याची पुंजी घालून गुंठाभर जागा घेतली, त्यास बेघर करावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यांतच घर, त्यांतच कूपनलिका आणि त्यांतच शोषखड्डा! रस्त्यास, गटारास व शाळेस जागा कोणीं सोडावी? प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. आणि पुढें आजाऱ्यास न्यावयास गाडी आली कीं ती बोळाच्या तोंडाशींच अडते.

दाट वस्तीचें नांव काढतांच आमच्या लोकांच्या अंगावर कांटा येतो. १८९७ च्या प्लेगाची आठवण ज्या जिल्ह्यांत आहे, तेथें हें साहजिकच आहे. परंतु रोग माणसें जवळ राहिल्यानें तितका वाढत नाहीं, जितका उजेड, वारा व गटार यांवांचून राहिल्यानें वाढतो. विखुरलेली वस्तीही कांहीं स्वस्त पडत नाहीं. नळ लांब न्यावा लागतो, बस चार घरांसाठीं आडवाटेस वळत नाहीं, आणि प्रत्येक घरास स्वतःचें वाहन घ्यावें लागतें. तीं सर्व वाहनें सकाळीं त्याच उन्नत मार्गावर चढूं लागलीं, तर हडपसरची कोंडी यवतच्या वेशीवर आली, एवढाच ५,२६२ कोटींचा लाभ!

१८५८ सालीं पुण्याहून दिक्सळपर्यंत आगगाडी धांवूं लागली, आणि यवतचें स्टेशन त्याच मार्गावर आहे. तेव्हां नवीं घरें व्हावयाचीं तीं स्टेशन व गांवठाण यांच्या आसपास, रुंद रस्ते व गटारें आधीं आंखून, कांहींशीं दाट व्हावींत. आणि कालव्याच्या पाण्यावर ऊंस पिकविणारी व गुऱ्हाळें चालविणारी जमीन राखली जावी, असें आमचें मत आहे.

हें साधावयास नवा शोध नको. नगररचना योजनेचा कायदा मुंबई इलाख्यांत १९१५ पासून आहे. त्यांत प्रत्येक जमीनमालक थोडी जागा रस्त्यास व शाळेस देतो, आणि उरलेली जागा नीट आंखलेली होऊन त्यास परत मिळते. याच रस्त्याच्या पुण्याकडील टोकास मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनीं ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र करून आपली वसाहत आपणच उभारली. तेथील सर्वच कांहीं यवतनें घ्यावें असें नाहीं. परंतु शेतकरी एकत्र आले तर दलालावांचून चालतें, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

आतां अधिकाराचा प्रश्न. महानगर नियोजन समितींत दोन-तृतीयांश तरी सभासद नगरपालिकांच्या व पंचायतींच्या लोकनियुक्त प्रतिनिधींनीं निवडलेले असावेत, अशी राज्यघटनेची १९९२ सालच्या ७४ व्या दुरुस्तीपासूनची आज्ञा आहे. ग्रामसभेनें मागणीच केली नाहीं, तर ही आज्ञा कागदावरच राहील. म्हणून यवतच्या ग्रामसभेनें ठराव करून तीन गोष्टी मागाव्या : उन्नत मार्ग जेथें उतरेल तेथील वस्तीचा आराखडा रस्त्याबरोबरच व्हावा, त्याचा नकाशा मराठींत चावडीवर लावून हरकती ऐकाव्या, आणि रस्त्यामुळें ज्यांच्या जमिनीचा भाव वाढेल, त्यांनीं त्या वाढीचा कांहीं अंश गटारास व पाण्यास द्यावा. या सभेंत सातबाऱ्यावर ज्यांचें नांव नाहीं त्या मजुरांनीं, भाडेकऱ्यांनीं व स्त्रियांनींही बोलावें. कारण पाणी भरणें व पायीं चालणें बहुधा त्यांच्याच वांट्यास येतें.

तुकोबारायांची पालखी दरवर्षी यवतास मुक्कामीं असते, आणि गांव अपार लोकांस पिठलें-भाकरी वाढतें. कोणत्या घरीं किती भाकऱ्या व्हावयाच्या, पाणी कोठें भरावयाचें, हें सारें आधीं ठरतें, म्हणूनच पंगत निभते. जें गांव एका रात्रीचा बेत इतका चोख आंखतें, त्यास पुढील वीस वर्षांचा बेत आंखतां येणार नाहीं काय? व्यापारी बंधूंस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, खांब उभे राहिल्यावर सभा भरवाल तर ती तक्रारींची होईल. आज भरवाल तर ती कामाची होईल.