विश्लेषण : कोड उघड्यावर, तरी छुपे दार दिसले का नाही?

लिनक्स यंत्रणेत दूरवरून लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधताना मायक्रोसॉफ्टचे अभियंते अँड्रेस फ्रॉइंड यांना मार्च २०२४ मध्ये एक छुपे दार सापडले. 'एक्सझेड युटिल्स' या फाइल आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते पेरलेले होते. हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत. त्याचा कोड कुणीही वाचू शकतो. मग ते आधी कुणाला का दिसले नाही?

फट कुठे होती?

असा कोड 'गिट'च्या भांडारात ठेवला जातो. कोणती ओळ कुणी, केव्हा बदलली याची तिथे नोंद राहते. मात्र डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांमध्ये अनेकदा भांडारातला कोड घेतला जात नाही. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याने नव्या आवृत्तीसाठी बांधलेली गठडी, म्हणजे 'टारबॉल', घेतली जाते. गठडीत आपोआप तयार झालेल्या काही जादा फाइल असतातच, त्यामुळे दोन्हींत फरक दिसला तरी कुणी दचकत नाही. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्याने दोनेक वर्षे विश्वास कमावून गठडी बांधण्याचा अधिकार मिळवला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या गठडीत त्याने घातलेल्या काही ओळी गिटमध्ये नव्हत्याच. छुपे दार जागे करण्याचे काम त्याच ओळींकडे होते.

वितरणे काय करतात?

फेडोरात पॅकेज बांधण्याची कृती मध्यवर्ती गिट भांडारात असते, पण मूळ गठडी वेगळ्या साठ्यात. तिच्यासोबत चेकसम नोंदवलेला असतो. वाटेत गठडी बदलली नाही एवढेच त्यावरून कळते. बांधणाऱ्यानेच आत काय घातले, हे नाही. डेबियनचे 'साल्सा' हे गिट भांडार २०१८ पासून आहे, मात्र पॅकेज तिथे ठेवण्याची सक्ती नाही आणि अधिकृत संग्रहात चढवलेला कोड त्याच्याशी जुळेलच असेही नाही.

ही फट बुजवण्यासाठी डेबियनमध्ये 'टॅगटूअपलोड' ही सेवा आली. विकासक गिटमधील नेमक्या आवृत्तीवर स्वाक्षरीची खूण करतो आणि पॅकेज सर्व्हर तयार करतो. म्हणजे जे भांडारात, तेच वितरणात. यावरून डेबियनमध्ये बराच वाद झाला. पॅकेजमध्ये जे जाते त्यावर थेट विकासकाचीच स्वाक्षरी हवी, मधल्या सर्व्हरवर विसंबू नये, असा संग्रह सांभाळणाऱ्यांचा आक्षेप होता. तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता: तो सर्व्हरच फोडला गेला तर?

एवढ्याने भागेल?

पूर्णपणे नाही. एक्सझेडमधील खरा घातक भाग चाचणीच्या फाइलींच्या रूपात गिटमध्येच पडून होता. द्विअंकी फाइल डोळ्यांनी वाचणार कोण? शिवाय भांडार कितीही मध्यवर्ती केले, तरी ते सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला असेल तर नव्या 'मदतनीसा'च्या हाती किल्ल्या जातातच. एक्सझेडच्या बाबतीत नेमके तेच झाले.

तेव्हा बाधित आवृत्त्या डेबियन आणि फेडोराच्या चाचणी शाखांपर्यंतच पोहोचल्या होत्या, स्थिर शाखा वाचल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे. डेबियनच्या संग्रहात जे शिरते, ते अशा प्रणालींपर्यंतही झिरपू शकते. तरीही गिटमधून थेट पॅकेज बांधण्याचा नवा मार्ग डेबियनमध्ये ऐच्छिकच आहे. गठडीची जुनी वाट बंद झालेली नाही.