कच्च्या मडक्याची पायरी

पंढरपुरात महाद्वाराशी आलं की वारकऱ्याचं पाऊल एके ठिकाणी थबकतं. ती नामदेव पायरी. तिच्यावर कुणी पाय देत नाही. कुणी वाकून हात लावतं आणि तो कपाळाला नेतं, कुणी माथाच टेकवतं, आणि मग ती ओलांडून आत जातं. विठ्ठलाच्या भेटीला येणाऱ्या संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली आणि १३५० साली आषाढ वद्य त्रयोदशीला तिथेच समाधी घेतली, असं परंपरा सांगते. मी लहान असताना आजीनं मला उचलून त्या पायरीपलीकडे ठेवलं होतं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं फार वर्षांनी वाटलं.

कारण ज्यांच्या पायरीवर आपण पाय देत नाही, त्या नामदेवांना याच परंपरेनं एकदा चारचौघांत कच्चं ठरवलं होतं.

गोष्ट मराठी घरांत ठाऊक आहे, तरी ती सावकाश आठवावी अशी आहे. तेरला गोरोबाकाका कुंभारांकडे संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, नामदेव आणि वयानं सगळ्यांत लहान मुक्ताबाई. कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून मुक्ताबाईनं विचारलं, हे कशाला असतं? गोरोबा म्हणाले, यानं ठोकून मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग इथे बसलेली मडकीही बघा की, असं ती म्हणाली. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेव मात्र उसळले. हे मडकं अजून कच्चं आहे, असा निवाडा गोरोबांनी तिथल्या तिथे दिला.

हे नामदेव म्हणजे दामाशेटी शिंप्यांचा मुलगा, ज्याच्या बालहट्टापुढे विठ्ठलानं नैवेद्य खाल्ला असं लोक सांगतात. ज्याच्याशी देव बोलतो. श्रद्धेत त्यांच्या तोडीचं त्या बैठकीत कोण होतं? आणि बद्द आवाज आला तो नेमका त्यांचाच.

दुखावलेले नामदेव पंढरीला परतले आणि विठ्ठलापुढे तक्रार मांडली. आपला देव आपली बाजू घेणार, याची त्यांना खात्री होती. देवानं ती घेतली नाही. गोरोबा खरं बोलले, तुला अजून गुरू भेटायचा आहे, विसोबा खेचरांकडे जा, असं देवच म्हणाला. या कथेतली ही जागा मला सर्वांत मोठी वाटते. ज्या मूर्तीवर नामदेवांनी जीव लावला, त्या मूर्तीनंच त्यांना माझ्यापाशी थांबू नकोस असं सांगितलं.

पुढचा प्रसंग औंढा नागनाथचा. नामदेवांचं मूळ गाव म्हणून सांगतात ते नरसीही त्याच हिंगोली जिल्ह्यातलं. देवळात पाहतात तर एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवांना ते सहन झालं नाही. पाय काढा म्हणाले. म्हातारा म्हणाला, माझ्यानं हलवत नाही, जिथे पिंडी नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले आणि बाजूला ठेवले, तर तिथे पिंडी. पुन्हा उचलले, पुन्हा पिंडी. म्हातारा म्हणजे विसोबा, हे आता सांगायला नको.

चमत्कार म्हणून ही गोष्ट ऐकली तर ती अर्धीच ऐकली असं होतं. विसोबांनी प्रवचन केलं नाही. त्यांनी नामदेवांच्या हातांना काम दिलं आणि कळायचं ते त्या हातांना कळलं. शिवाय पिंडीवर श्रद्धा नसलेला कुणी तिथे गेला असता तर? पाय पाहून तो पुढे निघून गेला असता. पिंडीवरचे पाय पाहून ज्याचा जीव कळवळला, त्यालाच ते उचलावेसे वाटले आणि त्यालाच देव नाही अशी जागा शोधूनही सापडली नाही. नामदेवांची जुनी श्रद्धा त्यांच्या आड आली नाही. तिनंच त्यांना नव्या समजेच्या दारात आणून उभं केलं.

या सदराच्या वाचकांकडून एक प्रश्न मला वारंवार येतो. श्रद्धा ठेवायची म्हणजे विचार चपलांसोबत बाहेर काढून ठेवायचा का? विचारणाऱ्यांत बरेच जण असे असतात, ज्यांच्या घरी वारी आहे, गळ्यात माळ घातलेले आईवडील आहेत, आणि ज्यांना स्वतःला धड आत जाता येत नाही की धड बाहेर राहता येत नाही. त्यांना मी ही गोष्ट सांगतो, आणि कधी कधी कठोपनिषदातल्या नचिकेत्याचीही.

तिथे श्रद्धा हा शब्द कुठे येतो पाहा. वडील यज्ञात गाई दान देत आहेत. गाई थकलेल्या, भाकड, दूध आटलेल्या. त्या नेल्या जात असताना मुलाच्या मनात श्रद्धेचा प्रवेश झाला, असं उपनिषद म्हणतं. मग त्यानं काय केलं? हात जोडले नाहीत. तो विचार करू लागला की असं दान देणाऱ्याला कसला लोक मिळणार. आणि त्यानं वडिलांनाच विचारलं, मला कुणाला देणार? एकदा नाही, तीनदा. तो प्रश्न त्याला यमाच्या दारापर्यंत घेऊन गेला, आणि यमानं हत्ती, घोडे, दीर्घायुष्य देऊ केलं तरी मागे फिरू देईना. प्रश्न अनेकांना पडतात. तीन रात्री उपाशी दारात बसायचं बळ श्रद्धेतून येतं.

गीतेतही श्रद्धेला सरसकट शाबासकी नाही. सतराव्या अध्यायात श्रद्धेचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि ज्याची जशी श्रद्धा तसा तो माणूस, असं त्यातलं म्हणणं आहे. म्हणजे नुसती श्रद्धा आहे एवढ्यानं भागत नाही, ती कसली आहे हे तपासायचं आहे. श्रद्धावंताला ज्ञान मिळतं, असं चौथ्या अध्यायात म्हटलंय खरं, पण त्याच्या थोडं आधी ज्ञान मिळवायच्या वाटेत नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न ठेवला आहे. खोदून खोदून विचारणं.

मग आज आपल्या भावना एवढ्या पटकन का दुखावतात? एका पुस्तकानं, एका चित्रानं, कुणाच्या एका वाक्यानं आपण पेटून उठतो. थापटणं लागल्यावर उसळण्याचा अर्थ गोरोबांनी काय लावला होता, तो आपण विसरलो आहोत. दुसरीकडे श्रद्धा म्हणजे भाबडेपणा असं म्हणून जे हात झटकतात, त्यांचंही मला पटत नाही. कच्चं मडकं आणि पक्कं मडकं एकाच मातीचं असतं, आकारही तोच असतो. कच्चं निघालं म्हणून कुंभार ते उकिरड्यावर टाकत नाही, आव्यात लावतो. ओल्या मडक्यावर बाहेरून थापटणं पडत असतं तेव्हा आतून आधाराला त्याचा दुसरा हात असतोच.

भाजून निघालेले नामदेव कसे होते? त्यांनी विठ्ठल सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. पण पोळी तोंडात धरून कुत्रं पळालं तेव्हा, कोरडी खाऊ नकोस म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, अशी आठवण लोकांनी जपली. ते उत्तरेत गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे, आणि शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांच्या ६१ रचना आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्यानं. पंढरीच्या एका विटेवर जडलेला जीव इतक्या दूरच्या, वेगळ्या भाषेच्या माणसांना आपला वाटला.

आणि ते मंगळवेढ्याला गेले. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून, अस्पृश्य ठरवले गेलेले संत चोखोबा आणि इतर मजूर तिच्याखाली गाडले गेले, १३३८ साली. परंपरा सांगते की ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून नामदेवांनी ओळखली, उचलून पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. जिवंत असताना ज्यांना त्या दारातून आत येऊ दिलं नाही, त्यांच्या अस्थी नामदेवांनी स्वतःच्या हातांनी आणल्या. औंढ्याला पाय उचलून जिथे तिथे पिंडी पाहिली, ते हेच हात.

नामदेवांना कळलेलं आपल्याला मात्र कळलं नाही. आपण चोखोबांचे अभंग भजनात गायलो, गाताना रडलो, आणि त्यांच्या जातभाईंना त्याच समाधीपाशी अडवून ठेवलं. हे सहाशे वर्षांहून जास्त काळ चाललं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना त्यांच्या मंदिरप्रवेशासाठी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे दार उघडण्याची वेळ आली. इतकी शतकं वारी चालली, टाळ वाजले, माळा घातल्या गेल्या, आणि मडकं कच्चंच राहिलं. हे म्हणताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे.

नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी आजही समोरासमोर आहेत. पुढच्या खेपेला पायरीला हात लावाल तेव्हा आत जाण्याआधी एकदा मागे वळून त्या समाधीकडे बघा. सोबत लहान मूल असेल तर या दोन्ही जागा इथे का आहेत, ते त्याला तिथेच उभं राहून सांगा. त्यानं विचारण्याची वाट पाहू नका.