वाळवंटातली उचल

भुईनळ्याच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा हे त्रिकूट फार जुनं. आपल्याकडचा सोरा बिहारचा. तिथले नोनिया लोक गावातली खारी माती खरवडून तो काढत आणि ईस्ट इंडिया कंपनी जहाजं भरभरून विलायतेला नेई. पुढे त्याच्या भावाचा, सोडियमवाल्या सोऱ्याचा, प्रचंड साठा सापडला तो दक्षिण अमेरिकेतल्या आताकामाच्या वाळवंटात. यंदाच्या अंकाचा विषय ‘ओसाड’ ठरला तेव्हा आम्हाला आधी आठवलं ते हेच वाळवंट.

तिथे पाऊस नाही, झाड नाही. सोऱ्याच्या पठारावर गावही नव्हतं. होता तो फक्त मातीखाली ‘कालिचे’ नावाचा खारट थर. सुरुंगानं फोडायचा, पाण्यात उकळायचा, निवळी थंड होऊ द्यायची, की पांढरे स्फटिक तयार. युरोपातल्या शेतांना खत हवं होतं आणि तोफांना दारू. बोलिव्हियानं क्विंटलमागे दहा सेंटाव्होंचा कर लावला, चिलीची कंपनी तो भरेना, आणि १८७९ मध्ये युद्ध पेटलं. त्यात पेरूही ओढला गेला. चिली जिंकला आणि बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेला तो गेलाच. त्यानंतरची काही दशकं चिलीच्या तिजोरीचा मोठा हिस्सा, काही वर्षी तर निम्मा, सोऱ्याच्या निर्यातकरातून येत होता.

कल्पकता म्हणाल तर अफाट. लास सालिनास इथे १८७२ मध्ये काचेच्या उतरत्या छपरांखाली खारं पाणी उन्हानं तापवून रोज वीसेक हजार लिटर गोडं पाणी काढत होते. ते मुख्यतः सोरा वाहणाऱ्या खेचरांसाठी होतं, हेही नोंदवायला हवं.

आणि माणसं? ती दक्षिण चिलीतून आणली जात. कंत्राटदार गावात यायचा, थोडी आगाऊ रक्कम हातावर ठेवायचा आणि माणसांना जहाजात बसवून न्यायचा. स्पॅनिशमध्ये याला ‘एन्गांचे’ म्हणतात. बीडच्या ऊसतोड कामगाराला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. तो म्हणेल, उचल. कंत्राटदाराला म्हणेल, मुकादम.

मजुरी मिळायची ती बिल्ल्यांत. रुपयाएवढा पितळेचा किंवा कडक रबराचा गोल तुकडा, त्यावर कारखान्याचं नाव. हा बिल्ला चालायचा फक्त त्याच कारखान्याच्या दुकानात. भाव दुकानाचा, मापही दुकानाचंच. दुसऱ्या कारखान्यात नेला तर बट्टा कापून घेणार. ओसाड जागी धंदा मांडणाऱ्याची खरी सोय इथे आहे. तिथे शेजारी नसतो, दुसरं दुकान नसतं, रुसून निघून जावं असा रस्ता नसतो.

डिसेंबर १९०७ मध्ये हे मजूर संपावर गेले आणि वाळवंट तुडवत इकिके बंदरात उतरले. त्यांच्या मागण्या वाचताना घशात आवंढा येतो, कारण त्या इतक्या लहान आहेत. बिल्ल्याला पूर्ण किंमत द्या. दुकानाबाहेर तराजू ठेवा, माल ताडून घेऊ. रात्रशाळेला एक खोली द्या. आणि उकळत्या टाक्यांवर लोखंडी जाळी बसवा, माणसं आत पडून मरतात. २१ डिसेंबरला सांता मारिया शाळेत जमलेल्या या मजुरांवर आणि त्यांच्या बायकामुलांवर लष्करानं गोळ्या झाडल्या. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही.

धंदा बुडाला तो मात्र मजुरांमुळे नव्हे. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबरनं हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये ओपाऊला त्याचा कारखाना निघाला. जो माल आणायला जहाजं अर्धं जग ओलांडत, तो हवेतून मिळू लागला. आताकामातला हंबरस्टोनचा सोऱ्याचा कारखाना १९६० मध्ये बंद झाला. तिथलं नाट्यगृह आणि लोखंडी पत्र्यांचा पोहण्याचा तलाव अजून उभे आहेत. २००५ पासून तो जागतिक वारसा आहे.

आज पुन्हा वाळवंटात शहरं उभारायची हौस आली आहे. सौदी अरेबियानं २०२१ मध्ये १७० किलोमीटर लांब, सरळ रेषेतल्या शहराचा आराखडा जाहीर केला. त्या परिसरात हुवैतात टोळीची घरं होती, ती हलवली गेली. नकाशावर रिकामं दिसतं ते जमिनीवर रिकामं असतंच असं नाही. आपल्याकडेही ज्या माळावर धनगराची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या चरली, तो कागदावर ‘पडीक’च.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या तालुक्यात ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘पड’ किंवा ‘पोटखराब’ लिहिलं आहे, तिथे एकदा जाऊन या. तिथे कोण येतं, काय नेतं, कुठलं पाणी पितं, ते आम्हाला लिहून पाठवा. पत्रं पुढच्या अंकात छापू.

— संपादक