कर्त्याचे नाव आणि ग्रंथाचे प्रामाण्य
ख्रिस्ती ‘नव्या करारा’तील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात लेखकाचे नाव कोठेही नाही. तिसऱ्या शतकातच अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेनने त्याचे विचार पौलाच्या योग्यतेचे मानले. पण शैली निराळी पाहून, ते कोणी लिहिले हे देवच जाणे, असे प्रांजळपणे सांगितले. पुढे इ. स. ३६७ मध्ये बिशप अथनेशियसने ईस्टरनिमित्तच्या पत्रात नव्या कराराचे २७ ग्रंथ नोंदविले. तेथे ते पौलाच्याच नावावर आले. आज बहुतेक अभ्यासक तसे मानीत नाहीत. तरी उपासनेतील त्याचे वाचन थांबलेले नाही. आम्हांस यात मोठा बोध दिसतो. उसन्या नावावर उभे असलेले प्रामाण्य नाव गळताच ढासळते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पठनाने लाभलेले निनावी राहूनही टिकते. म्हणून कर्ता कोण, हे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे.