पहिल्या ट्रेलला कुठली गाडी?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला एक एक्सेल शीट पाठवतं. यावेळी पाठवणारा आमच्या ऑफिसातला नगरचा मुलगा. कॅलिफोर्नियात येऊन त्याला दहा महिने झालेत आणि पुढच्या महिन्यात तो एका ग्रुपबरोबर पहिल्यांदाच आरसी क्रॉलरच्या ट्रेलला जाणार आहे. शीटमध्ये अकरा गाड्या, चौदा कॉलम. मोटर, गिअर, वजन, टॉप स्पीड, किंमत, रिव्ह्यूचे तारे... आणि खाली प्रश्न: "दादा, यातली बेस्ट कुठली?"

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिमोटवरच्या गाड्या म्हटलं की आपल्याला सुसाट पळणारं काहीतरी आठवतं. क्रॉलर त्याच्या अगदी उलट. ही चालत्या माणसाच्या वेगाने जाते, दगडांवर चढते, उतारावर थांबते, अडकते, उलटते. दिसायला हुबेहूब जीप किंवा लँड रोव्हर. ग्रुपने निघायचं, डोंगरातल्या पायवाटेने प्रत्येकाने आपापली गाडी हाकत मागून चालायचं. दोन-तीन मैलांना चार तास सहज लागतात. लहान मुलांचा खेळ वाटतो ना? ग्रुपमधले बहुतेकजण चाळिशीच्या पुढचे असतात :-)

तर त्या शीटबद्दल माझं पहिलं मत असं की टॉप स्पीडचा कॉलम सरळ डिलीट करावा. आणि दुसरं, सगळ्यात महत्त्वाचा कॉलम त्यात नाहीच. "ग्रुपमधल्या बाकीच्यांकडे कुठली गाडी आहे?"

नवीन प्रोजेक्ट सुरू करताना आपण लँग्वेज कशी निवडतो? टीमला काय येतं ते बघून. रात्री दोन वाजता काही पडलं तर उठून बघणारा कोण आहे ते बघून. इथेही तेच. ट्रेलवर मधोमध ड्राइव्हशाफ्ट तुटला, चाकाचा नट पडला, तर जवळच्या दुकानापासून तुम्ही तासभर लांब असता. आठ जणांपैकी चौघांकडे तीच गाडी असेल तर कुणाच्या तरी सॅकमध्ये तो पार्ट निघतोच. तुमची गाडी रिव्ह्यूमध्ये पहिली आली असेल, पण ती ग्रुपमध्ये एकट्या तुमच्याकडे असेल, तर तुम्ही ती हातात घेऊन चालणार.

हे मी चेष्टेने म्हणत नाही. इथे एकट्याने आलेल्या मुलाचा शनिवार-रविवार कसा जातो मला माहीत आहे. लाँड्री, इंडियन ग्रोसरी, घरी व्हिडिओ कॉल, आणि मग रविवारी संध्याकाळी पोटात येणारा तो गोळा. ऑफिसबाहेर याच्या ओळखीचं कुणी नाही. त्या शीटमधल्या चौदा कॉलममध्ये त्याला खरं तर गाडी शोधायचीच नाहीये, दर महिन्याला जायला एक जागा शोधायची आहे. आणि मी बघितलंय, पहिल्या दिवशी ज्याची गाडी अर्ध्या तासात बंद पडते तो उरलेला वेळ ओशाळा होऊन मागे मागे चालतो, सगळ्यांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणतो, आणि पुन्हा येत नाही. लोक वाईट नसतात, थांबतातही. पण यालाच ते थांबणं सहन होत नाही.

आता प्रत्यक्ष गाड्यांकडे वळूया. शीटमधली सगळ्यात स्वस्त गाडी १/२४ आकाराची होती, अ‍ॅक्झियलची एससीएक्स२४. आली आणि खूप खपली. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४एम २०२२ ची, ती थोडी मोठी, १/१८. दोन्ही झकास. घरात पुस्तकांच्या ढिगावर चढवा, ऑफिसच्या डेस्कवर ठेवा. पण दगड काही १/२४ आकाराचे होत नाहीत! एससीएक्स२४ च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम सव्वापाच इंच, १/१० वाल्या गाडीचं बारा इंचांच्या आसपास. ज्या दगडावर बाकीचे मजेत चढतात तो या पिटुकलीला भिंत असतो. सगळेच छोट्या गाड्या घेऊन येणार असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा वाटच तशी निवडतात. पण मोठ्यांच्या ग्रुपमध्ये छोटी नको. दीडशे-दोनशे डॉलर वाचतील आणि दिवस जाईल.

म्हणजे १/१०, आणि १.९ इंची चाकांची. (हे १.९ म्हणजे रिमचं माप, टायर धरून उंची साडेचार इंचांच्या आसपास जाते.) त्यातही मला पहिल्या गाडीसाठी तीनच नावं घ्यावीशी वाटतात: ट्रॅक्सस टीआरएक्स-४, अ‍ॅक्झियल एससीएक्स१० ची तिसरी आवृत्ती, आणि एलिमेंटची एंड्युरो.

टीआरएक्स-४ आली २०१७ मध्ये आणि तिने पोर्टल अ‍ॅक्सल ही चीज तयार गाड्यांमध्ये घरोघरी नेली. खऱ्या मर्सिडीज युनिमॉग ट्रकला असतात तसे. चाकाच्या आतच एक गिअरची जोडी असते, त्यामुळे अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि पोटाखालून दगड जायला जास्त जागा मिळते. शिवाय रिमोटवरून डिफरन्शियल लॉक आणि अनलॉक करता येतं. लॉक केलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात, पकड वाढते, पण वळायला जागा जास्त लागते. अनलॉक केलं की वळण घट्ट. दोन स्पीडचा गिअरही आहे. नवख्या माणसाला हे सगळं शिकायला मजा येते, फक्त त्यासाठी आतमध्ये सर्व्हो आणि वायरींची गर्दी आहे हे लक्षात ठेवायचं. एंड्युरो याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. साधे सरळ अ‍ॅक्सल, कमी भानगडी, आणि गिअरबॉक्समध्येच पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त फिरवायची सोय. त्याने गाडी चढावर पुढून ओढली जाते. एससीएक्स१० चं बलस्थान म्हणजे २००९ पासूनच्या त्या नावाभोवती जमलेला पार्ट्सचा आणि लोकांच्या अनुभवाचा डोंगर. कुठलाही प्रश्न पडू दे, कुणीतरी आधीच सोडवून ठेवलेला असतो.

तिघींमध्ये बेस्ट कुठली? मला विचाराल तर मनातून एंड्युरो आवडते. पण मी त्या मुलाला सांगितलं की ग्रुपच्या म्होरक्याला फोन कर आणि विचार, कुणाकडे काय आहे. चौघांकडे टीआरएक्स-४ निघाल्या. विषय संपला.

किमती मॉडेलप्रमाणे ३०० ते ६०० डॉलर. इथे एक गंमत आहे. "रेडी टु रन" असं खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा आत बॅटरीही नसते नि चार्जरही नसतो. शंभरेक डॉलर त्यासाठी बाजूला ठेवायलाच हवेत. बॅटरीचा प्लगही बघायचा. ट्रॅक्ससचा प्लग त्यांचा स्वतःचा, बाकीच्यांचे वेगळे, आणि अ‍ॅडाप्टर नसेल तर शेजाऱ्याची बॅटरी उसनी मिळूनही उपयोग नाही. पाच हजार एमएएचची लायपो रमतगमत चालवली तर दीड-दोन तास पुरते, म्हणून दोन घ्याव्यात. चार्ज पाच अँपिअरच्या वर करायचा नाही, चार्जिंग लावून झोपायचं तर मुळीच नाही. आणि ट्रेलहून आल्यावर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा. फुल चार्ज करून महिनाभर कपाटात ठेवलेली लायपो फुगते. फुगली की ती बॅटरी संपली समजायचं, "अजून चालतेय की" म्हणू नये.

बॅटरीनंतर उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर मंडळींची भांडणं होतात. पितळी वजनं, अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पार्ट, ब्रशलेस मोटर... पहिल्या ट्रेलआधी यातलं काही नको. करायचंच तर मऊ रबराचे चांगले टायर घ्यावेत, फरक लगेच कळतो. सिएरामधला ग्रॅनाइट कोरडा असेल तर सॅंडपेपरसारखा धरतो, पण तोच झिजून सुटलेली भरड रेती पायाखाली आली की सगळेच घसरतात, चारशे डॉलरवाले आणि दोन हजारवालेही. टायरनंतर स्टिअरिंगचा सर्व्हो. चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकलं की गाडीबरोबर आलेला सर्व्हो बऱ्याचदा मान टाकतो. आणि ते छोटे जेरीकॅन, तंबू, टपावरची ट्रंक वगैरे सुंदर दिसतं खरं, पण टपावर वजन चढवलेली गाडी आडव्या उतारावर पहिली कोलांटी खाते. फोटो काढून झाले की उतरवून ठेवावं.

सॅकमध्ये दीड, दोन आणि अडीच एमएमचे हेक्स ड्रायव्हर, चाकाच्या नटासाठी सातचा पाना, चार जादा नट, एक ड्राइव्हशाफ्ट, आणि स्वतःसाठी भरपूर पाणी.

वाटेतल्या शिष्टाचाराचा एकच नियम सांगतो. गाडी अडकली की हाताने उचलून पुढे ठेवणं याला इथे "देवाचा हात" म्हणतात. स्पर्धेत त्याचा दंड बसतो, ट्रेलवर फक्त चेष्टा होते. नवख्याने तो हात अगदी लगेच वापरू नये आणि अगदी उशिराही नको. तीन-चार प्रयत्न, मग कुणाची तरी दोरी मागावी. दोरी मागितली की समोरचा माणूस नुसती दोरी देत नाही, शेजारी उकिडवा बसतो, "डावं चाक त्या खाचेत घाल" सांगतो, आणि बोलणं सुरू होतं.

पुण्याहून विचारणाऱ्यांसाठी मात्र उत्तर थोडं बदलतं. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. त्यामुळे तिथे गाडीच्या आधी पार्ट्सचं बघावं. ज्या गाडीचे गिअर आणि शाफ्ट भारतातल्या दुकानात मिळतात ती घ्यावी, भले ती मॉडेल दोन वर्षं जुनी असो. वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीतल्या बसाल्टला मॉडेलच्या वर्षाशी काही देणंघेणं नाही. आणि अमेरिकेहून येणाऱ्या मित्राला आणायला सांगणार असाल तर सुट्या लायपो त्याला चेक-इन बॅगेत टाकता येत नाहीत, केबिनमध्येच न्याव्या लागतात. हे त्याला आधी सांगा, एअरपोर्टवर नको.