टिकली लावायची की नाही, ठरवायचे कोणी?

नवरा गेला की बायकोच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे, जोडवी काढायची. शेतकरी आत्महत्यांमुळे तरुण वयात विधवा झालेल्या बायका मराठवाड्यात गावोगावी आहेत. मंठा तालुकाही याच पट्ट्यातला. शेत, कर्ज, मुलांची शाळा सगळे तीच बघते. बँकेत तिची सही चालते, पण कपाळावर टिकली लावायची तर गावाची परवानगी!

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) गावाने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा, असे आवाहन राज्य सरकारने त्याच महिन्यात केले. ठराव म्हणजे कायदा नव्हे, त्याने कुणाला शिक्षा होत नाही. त्याची ताकद वेगळी आहे. नावे ठेवणाऱ्याला 'गावानेच ठरवले आहे' एवढे तरी सांगता येते. दारात नटून उभे राहायला तेवढा आधारही पुष्कळ असतो.

मंठा तालुक्यातील गावांनी वाट कशाची पाहायची? ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. हा विषय तिथे घ्यावा आणि आधी विधवांना बोलू द्यावे. एखादीला टिकली नकोच असेल, तर तीही तिची मर्जी. बांगड्या फोडायला पुढे होतात त्या बहुतेक बायकाच. म्हणून संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचे बोलावणेही तिच्या सासूने, जावांनीच न्यायला हवे.