घडी घातलेला कागद

व्हिक्टोरियन काळातल्या 'सेन्सेशन' कादंबऱ्या म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पांढऱ्या कपड्यातली बाई, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरी, वेड्यांचं इस्पितळ. थोडक्यात, आपल्या डेली सोपची पणजी! असं म्हणून आपण हसतो. या हसण्याला माझा सक्त विरोध आहे.

विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' (१८५९-६०) घ्या. सर पर्सिव्हल बायकोपुढे, म्हणजे लॉरापुढे, एक दस्त ठेवतो. घडी अशी, की फक्त सहीची जागा दिसावी. आत काय लिहिलंय विचारलं तर साहेब भडकतात. ती न वाचता सही करत नाही. मग तिचा खोटा मृत्यू, दुसऱ्या बाईच्या नावाने तिला इस्पितळात कोंडणं... ही सगळी भानगड तिच्या वीस हजार पौंडांसाठी. भूतबित काही नाही! तेव्हा इंग्लंडात लग्न झालं की बायकोचा पैसाअडका बहुतेक नवऱ्याचाच होई. कायदा बदलला तो पुढे १८७० आणि १८८२ साली.

आपल्याकडे यातलं काय आलं? 'वो कौन थी?' (१९६४) याच कादंबरीवरून सुचला असं म्हणतात. त्यात पांढरी साडी आली, हुबेहूब बाई आली. इस्टेट मात्र हिरोची झाली! भीती ठेवली, मुद्दा गाळला.

तो मुद्दा कुठे गेला? सोलापुरात या की, दाखवतो. जुना वाडा बिल्डरला द्यायचा ठरला, की पुण्या-बंगळूरची आपलीच पोरं रजा टाकून येतात आणि बहिणीला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेतात. "ताई, इथे सही कर फक्त." कागदाचं नाव हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, देशभर २००५ साली. २०२० साली सुप्रीम कोर्टाने हा हक्क जन्मानेच मिळतो हे पक्कं केलं. कागदाची घडी मात्र तशीच.

"अहो, ती आनंदाने सोडते!" सोडत असेल. मग तिला बिल्डरचा आकडा सांगा. कागद आठवडाभर घरी नेऊ द्या. वकील तिचा तिला गाठू द्या. त्यानंतर सही केली तर तो आनंद म्हणू. नाहीतर सर पर्सिव्हलला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार? त्याची बायको निदान नाही तरी म्हणू शकली. आपली ताई माहेर तुटेल म्हणून तेही म्हणत नाही.